ओव्हरीत सिस्ट आहे, पुढे कॅन्सर होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, एक मुलगा, दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. पाळीत पोट फार दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. उजव्या ओव्हरीत ४.६ बाय ४.१ सेंटीमीटरची सिस्ट निघाली. रिपोर्टमध्ये ‘लो लेव्हल इंटर्नल इकोज’ असं लिहिलंय. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी ५८ आली. एका ठिकाणी ‘ही पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकते, ओव्हरीच काढून टाकू’ असा सल्ला मिळाला. आईला ४७ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, ती आता बरी आहे. मावशी ५४ व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. आता काय करावं?

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही सिस्ट कॅन्सरची असण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी दिसते. ओव्हरी काढायची घाई करावी असं त्यात काही नाही. मी तुमच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, पोट तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या समोर बसलेल्या डॉक्टरांचा. पण तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला सिस्टपेक्षा जास्त खटकली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतेच.

पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला पाण्याची एक पिशवी तयार होते. तिच्यात बीज वाढतं. दोन-अडीच सेंटीमीटरची झाली की ती फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही आणि वाढत वाढत चार-पाच सेंटीमीटरची होते. कधी फुटते, पण आत थोडं रक्त साचतं. या दोन्ही सिस्ट आजारात मोडत नाहीत, ओव्हरीचं रोजचं काम थोडं रेंगाळलं एवढंच. बहुतेक दोन-तीन पाळ्यांत त्या आपोआप जिरतात. गाठ विरघळवणाऱ्या औषधांची सगळी कीर्ती याच सिस्टवर उभी आहे. दोन महिने काढा घ्या, गोळ्या घ्या किंवा काहीच घेऊ नका, बहुतेक जणींची सिस्ट जाते, आणि त्या दोन महिन्यांत जे घेतलं असेल त्याच्या नावावर ते यश जमा होतं. आम्ही डॉक्टरही यातून सुटलेलो नाही. सिस्ट लवकर जिरावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या लिहून देण्याची पद्धत अनेक वर्षं होती. चाचण्यांत दिसलं की गोळ्यांनी ती लवकर जिरत नाही.

पूर्वी या सिस्ट कुणाला दिसतच नव्हत्या. आता कंबर दुखली, ॲसिडिटी झाली, मुतखड्याची शंका आली की सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात एक ओळ येते. ती ओळ वाचून बाई रात्रभर जागी राहते.

या ओळीचा पाठपुरावा केला तर काय दिसतं? अमेरिकेत ७२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सोनोग्राफींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ १३ हजार स्त्रियांना साधी सिस्ट होती, म्हणजे पातळ भिंतीची आणि आत नुसतं पाणी असलेली. त्यातल्या एकीलाही पुढे ओव्हरीचा कॅन्सर झाला नाही. पन्नाशीनंतरच्या २,३४९ जणींना अशी सिस्ट होती, त्यातल्या एकीला कॅन्सर निघाला. त्याआधी २००३ साली केंटकीमधला एक अभ्यास आला होता. पन्नाशी ओलांडलेल्या १५ हजारांहून अधिक बायकांमध्ये एका कप्प्याची सिस्ट १८ टक्के जणींना होती. त्यातल्या सुमारे ७० टक्के सिस्ट आपोआप गेल्या, आणि फक्त अशीच सिस्ट राहिलेल्या एकाही बाईला कॅन्सर झाला नाही.

म्हणजे ‘साधी सिस्ट बरीच वर्षं राहिली की सडते आणि तिचा कॅन्सर होतो’ हे जे सांगितलं जातं त्याला आधार नाही. उलट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या शास्त्राने स्वतःचाच एक समज बदलला. ओव्हरीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा प्रकार म्हणजे हाय ग्रेड सीरस. तो बहुतेक वेळा ओव्हरीत सुरूच होत नाही. तो सुरू होतो गर्भनलिकेच्या टोकाला, जिथे झालरीसारखे धागे असतात तिथल्या पेशींत. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कॅन्सरचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिल्या. कॅन्सरकडे झुकलेल्या पेशी नलिकेत सापडल्या. पुढे बोस्टनमधल्या आणि इतर पथकांनाही तेच दिसलं. या पेशी तिथून गळून ओव्हरीवर आणि पोटाच्या आवरणावर पसरतात. सुरुवातीला कुठलीही मोठी सिस्ट तयार होत नाही. म्हणून हा कॅन्सर तीन-चतुर्थांश वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडतो, आणि वर्षभरापूर्वीची सोनोग्राफी चक्क नॉर्मल असू शकते.

म्हणूनच मी म्हणते की भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. पस्तिशीची बाई पाण्याच्या सिस्टसाठी तीन डॉक्टर फिरते. आणि अठ्ठावन्न वर्षांची तिची सासू पोट फुगतंय म्हणून सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाते.

आता तुमचा रिपोर्ट. ‘लो लेव्हल इंटर्नल इकोज’ म्हणजे आत स्वच्छ पाणी नाही, सगळीकडे बारीक धुकं पसरल्यासारखं करडं दिसतंय. अशा दिसण्याचे दोन नेहमीचे अर्थ. एक, आत रक्तस्राव झालेली सिस्ट. तिच्यात बहुधा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर ती गेलेली किंवा निम्मी झालेली असते. दोन, एंडोमेट्रिओसिसची गाठ, जिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. तिच्यात धुकं एकसारखं असतं आणि ती सहसा आपोआप जात नाही. पाळीत पोट फार दुखतं असं तुम्ही म्हणता, त्यामुळे माझं मन दुसरीकडे झुकतं. पण एका फिल्मवरून ठरवायचं नसतं. म्हणून सोनोग्राफी पुन्हा करायची असते, तीही पाळी संपल्यावर लगेच, पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. तेव्हा नव्या महिन्याचं बीज वाढलेलं नसतं आणि चित्र स्वच्छ मिळतं. शक्यतो योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी हवी. भरलेल्या लघवीच्या पिशवीवरून पोटातून केलेल्या तपासणीत एवढे बारकावे दिसत नाहीत. बऱ्याच जणी संकोचाने नको म्हणतात आणि केंद्रवालेही घाईत पोटावरूनच उरकतात.

रिपोर्टमध्ये सेंटीमीटरचा आकडा सगळे आधी वाचतात. मी तो शेवटी वाचते. आधी बघते ते असं: आत घट्ट भाग आहे का, भिंतीवरून आत डोकावणारे कोंब आहेत का, किती आहेत, त्या घट्ट भागात रक्तप्रवाह दिसतो का, आतले पडदे पातळ आहेत की जाड आणि ओबडधोबड, पोटात पाणी आहे का. आठ सेंटीमीटरची नितळ पाण्याची सिस्ट मला तीन सेंटीमीटरच्या सिस्टपेक्षा कमी घाबरवते, जर त्या तीन सेंटीमीटरवाल्या सिस्टमध्ये रक्तप्रवाह असलेला घट्ट तुकडा असेल तर. तुमच्या रिपोर्टात यातलं काहीच लिहिलेलं नाही. ‘नाही’ असंही लिहिलेलं नाही आणि ‘आहे’ असंही नाही. पुढच्या वेळी रेडिऑलॉजिस्टना स्पष्ट विचारा: घट्ट भाग, कोंब, रक्तप्रवाह, पोटातलं पाणी, आणि ओ-रॅड्स कितवा. ओ-रॅड्स ही अलीकडे रूढ झालेली श्रेणी आहे. दोन म्हणजे कॅन्सरची शक्यता एक टक्क्याच्या आत, तीन म्हणजे दहाच्या आत, चार म्हणजे दहा ते पन्नास, पाच म्हणजे पन्नासच्या वर. दहा सेंटीमीटरच्या आतली, नेहमीच्या रूपाची चॉकलेट सिस्ट दोनमध्ये बसते. तशीच केस आणि चरबी असलेली डर्मॉइडही.

सीए-१२५ चा ५८ हा आकडा तुम्हाला फार लागलेला दिसतो. ३५ च्या वर म्हणजे लाल अक्षरात छापतात, त्यामुळे तो लागणारच. पण हे प्रथिन कॅन्सरच्या मक्तेदारीचं नाही. पोटाच्या आवरणाला कुठेही चिडवलं की ते वाढतं. पाळी चालू असताना रक्त दिलं तरी वाढतं. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, गरोदरपण, लिव्हरचा आजार, या सगळ्यांत वाढतं. तुमच्या वयात आणि तुमच्या लक्षणांत ५८ हा आकडा चॉकलेट सिस्टशी जुळतो. उलट बाजूही सांगते: पहिल्या टप्प्यातल्या ओव्हरीच्या कॅन्सरपैकी जवळजवळ निम्म्यांत हा आकडा नॉर्मल असतो. म्हणजे वाढला तर घाबरायचं नाही आणि नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, अशी ही तपासणी. पाळी गेलेल्या बाईत मात्र तिला वजन आहे, तेही सोनोग्राफीच्या जोडीनेच. पंचविशीच्या आतल्या मुलीला घट्ट गाठ असेल तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या करायच्या असतात, कारण त्या वयातले कॅन्सर वेगळ्या जातीचे असतात. तिथे नुसती सीए-१२५ करून थांबणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं.

इथे आपल्या देशातली एक गोष्ट सांगायलाच हवी. पोटाचा टीबी. तरुण मुलगी, पोट पाण्याने भरलेलं, वजन उतरलेलं, सिटी स्कॅनमध्ये ओव्हरीजवळ गोळा आणि आवरण जाड, सीए-१२५ पाचशेच्या घरात. घरच्यांना ‘तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर’ असं सांगून झालेलं असतं. तुकडा तपासला की टीबी निघतो आणि सहा महिन्यांच्या औषधांनी मुलगी बरी होते. तुकड्याच्या तपासणीशिवाय कुणी केमोथेरपी सुरू करायला सांगितली तर थांबा आणि दुसरीकडे दाखवा. मात्र ओव्हरीतच बंदिस्त असलेल्या संशयास्पद सिस्टमध्ये सुई घालून पाणी काढू देऊ नका. आतल्या पेशी पोटात सांडल्या तर पहिल्या टप्प्यातला आजार आपल्या हाताने वरच्या पायरीवर चढतो.

मग ज्या सिस्टचा कॅन्सरशी खरंच थोडाफार संबंध आहे त्या कोणत्या? एक बहुधा तुमचीच, म्हणजे चॉकलेट सिस्ट. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत ओव्हरीच्या कॅन्सरच्या दोन प्रकारांचं, क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड यांचं, प्रमाण वाढतं. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण आकडे बघा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता १.३ टक्के धरली, तर एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईची ती दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींना होत नाही. एवढ्यासाठी छत्तिसाव्या वर्षी ओव्हरी काढायची नसते. लक्ष ठेवायचं असतं, विशेषतः पंचेचाळिशीनंतर. वर्षानुवर्षं तशीच राहिलेली चॉकलेट सिस्ट अचानक वाढू लागली, आतलं धुकं जाऊन पातळ पाणी दिसू लागलं, भिंतीवर रक्तप्रवाह असलेला कोंब उगवला, तर मग थांबायचं नाही.

डर्मॉइडमध्ये कॅन्सर होतो, पण शंभरात एक-दोन, आणि बहुधा उतारवयात, मोठ्या गाठीत. डर्मॉइडचा जास्त मोठा उपद्व्याप म्हणजे ती देठासकट पिळली जाते. चिकट द्रवाच्या म्यूसिनस गाठी प्रचंड वाढतात, सात-आठ महिन्यांच्या पोटासारख्या. त्यातल्या काही ‘बॉर्डरलाइन’ असतात, ना धड साध्या ना धड कॅन्सर. अशा वेळी अपेंडिक्स आणि आतडीही तपासावी लागतात, कारण मूळ कधी कधी तिकडे असतं. दोन्ही ओव्हरींत घट्ट गाठी असल्या तर जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिथे उतरलेला नाही ना, हेही पाहावं लागतं. पीसीओडीबद्दल फार लिहीत नाही. त्या सिस्ट नसून न पिकलेली बारीक बीजं असतात आणि त्यांचा ओव्हरीचा कॅन्सर होत नाही. मात्र महिनोन्महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा धोका वाढतो, म्हणून पाळी आणणं गरजेचं.

आता ती ओळ. आईला ४७ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, मावशी ५४ व्या वर्षी ‘पोटाच्या कॅन्सर’ने गेली. आपल्याकडे घराघरांत ‘पोटाचा कॅन्सर’ हा एकच शब्द जठरालाही वापरतात, आतड्यालाही आणि ओव्हरीलाही. त्यात बाईच्या आतल्या अवयवाचं नाव घरात मोठ्याने घ्यायचं नाही ही रीत. मावशीचं पोट पाण्याने फुगलं होतं का? पाणी काढायला लागत होतं का? गर्भपिशवी काढायचं मोठं ऑपरेशन झालं होतं का? केमोचे डोस परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलच्या कोणत्या विभागात चालले होते? आईला हे विचारा. एका बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा आणि दुसऱ्या बहिणीला ओव्हरीचा कॅन्सर असेल तर ब्राका जनुकातल्या बिघाडाची शंका घ्यावीच लागते.

या बिघाडाचे आकडे सिस्टसारखे एक-दोन टक्क्यांचे नाहीत. ब्राका-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, ब्राका-२ मध्ये सुमारे १७ टक्के, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. स्तनाच्या कॅन्सरची शक्यता दोन्हींत सत्तर टक्क्यांच्या आसपास. बिघाड आईत असेल तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या भावातही तेवढीच, आणि त्याच्या मुलींना तो त्याच्याकडून जाऊ शकतो. लोक फक्त आईकडचे आजार मोजतात. आत्याचा, आजोबांच्या बहिणीचा कॅन्सर कुणी सांगत नाही, पण बापाकडून येणारा बिघाड तितकाच खरा असतो.

तपासणी साधी आहे, रक्ताची. पण आधी आईची करायची, कारण आजार तिला झालाय. तिच्यात बिघाड सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. तो तुमच्यात नसेल तर तुमचा धोका चारचौघींएवढाच, आणि हा विषय तिथेच संपला. बिघाड असेल तर ब्राका-१ मध्ये साधारण ३५ ते ४० या वयात, मुलं झाल्यावर, दोन्ही नलिका आणि ओव्हरी काढण्याचा सल्ला देतात. ब्राका-२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत ओव्हरी काढण्याचा प्रश्न कधी निघालाच तर तो या कारणाने निघेल, ४.६ सेंटीमीटरच्या सिस्टमुळे नाही. आणि दुसरं मूल हवं असेल तर ते लांबवायचं की नाही हेही या रिपोर्टावरून ठरेल. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन घ्या. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत त्यासाठी वेगळे विभाग आहेत. नुसता प्रयोगशाळेचा कागद हातात घेऊन घरी बसू नका. त्यात ‘अर्थ अनिश्चित’ अशा शेऱ्याचे बदलही येतात, आणि तो वाचून काही जणी विनाकारण ऑपरेशनला निघतात.

‘एकदाची काढून टाकली म्हणजे कटकट मिटली’ हा विचार मला कळतो. पण या वाक्याने आपल्या राज्यात पुष्कळ नुकसान केलंय. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची सरकारी समितीमार्फत पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, सोनोग्राफीत गाठ दिसतेय, ‘ठेवली तर कॅन्सर होईल’, असं ऐकून कित्येकींनी होकार दिला होता. आणि ओव्हरीही तिशी-पस्तिशीत गेली की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचं संरक्षण जातं, घामाचे लोट येतात, झोप उडते. ही बिलं नंतर येतात आणि बाईलाच भरावी लागतात.

शिवाय ऑपरेशनला स्वतःचा धोका आहे. अमेरिकेतल्या तपासणी मोहिमेत ७८ हजार स्त्रिया होत्या. त्यात ज्यांना कॅन्सर नव्हता पण तपासणीत शंका आली म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं अशा १,०८० जणी. त्यातल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. आणि एवढं करून त्या मोहिमेत ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, दरवर्षी सीए-१२५ किंवा सोनोग्राफी. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षण नसलेल्या, घराण्यात आजार नसलेल्या बाईने ‘पॅकेज’मध्ये दरवर्षी सीए-१२५ करून घेण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात.

याउलट थांबून पाहिलं तर काय होतं? सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसणाऱ्या सिस्ट न काढता युरोपातल्या केंद्रांनी एकोणीसशेहून अधिक स्त्रियांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. पाचांपैकी एकीची सिस्ट आपोआप गेली. कॅन्सर निघाला हजारात चार जणींना. सिस्ट पिळली जाण्याचं प्रमाणही तेवढंच, आणि फुटण्याचं त्याहून निम्मं.

पण पिळली गेली तर ते ओळखता यायला हवं. एका बाजूला अचानक, सहन न होणारी कळ येते, सोबत उलट्या, कधी कळ थोडी ओसरते आणि पुन्हा येते. त्यावेळी ॲसिडिटीची गोळी किंवा शेक देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. वेळेत सोडवली तर काळी-निळी पडलेली ओव्हरीही बऱ्याचदा वाचते.

तुमच्या सिस्टचं ऑपरेशन कधीच करू नये असं मी म्हणत नाही. दुखणं औषधांनी आटोक्यात येत नसेल, गाठ वाढत असेल, तिचं रूप बदललं असेल, तर दुर्बिणीतून फक्त सिस्टचं आवरण सोलून काढता येतं आणि ओव्हरी ठेवता येते. पण चॉकलेट सिस्ट सोलताना भोवतालची चांगली बीजंही थोडी जातात, एएमएच, म्हणजे ओव्हरीत किती बीजं उरली याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, खाली येतो. तुम्हाला दुसरं मूल हवंय. तेव्हा ऑपरेशनच्या आधी एएमएच करून घ्या, आणि आधी गर्भधारणेचा प्रयत्न की आधी ऑपरेशन, हे वंध्यत्वाचं काम करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. ऑपरेशन ठरलंच तर सर्जनना विचारा: फक्त सिस्ट काढणार की ओव्हरी? संमतीपत्रावर नेमकं काय लिहिलंय? गाठ पोटात न सांडता पिशवीत घालून बाहेर काढणार ना? आणि आधीच शंका असेल तर सुरुवातीपासून स्त्रीरोगातल्या कॅन्सरच्या सर्जनकडे का पाठवत नाही? पहिलं ऑपरेशन नीट झालं तर या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढतं, हे पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या सासूबाई, आई, मोठ्या जावा यांच्यासाठीही चार ओळी. पाळी गेल्यावर ओव्हरीत दर महिन्याची पिशवी तयार होत नाही, त्यामुळे त्या वयातली सिस्ट आम्ही जास्त बारकाईने बघतो. तरीही पाच सेंटीमीटरच्या आतली नितळ सिस्ट आणि नॉर्मल सीए-१२५ असेल तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहणं पुरतं. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, नेसायला घेतलेलं परकराचं नाडं अचानक आखूड पडणं, हे महिन्यातून बारा-पंधरा दिवस होत असेल तर ते गॅसेसच्या खात्यात टाकू नका. त्या वयात पोटाच्या तक्रारी नव्याने सुरू होणं संशयाचंच. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना ओव्हरीचा कॅन्सर होतो आणि ३२ हजारांहून अधिक त्यात जातात. यातल्या पुष्कळ जणी आधी काही महिने पोटाच्याच औषधांवर होत्या.

आता तुम्ही करायचं ते असं. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पाळीनंतर, पाचव्या ते दहाव्या दिवसात योनीमार्गातून सोनोग्राफी. जुन्या फिल्म सोबत न्या, नुसता टाइप केलेला कागद नाही. सिस्ट गेली असेल तर ती रक्तस्रावाची होती, विषय मिटला. तशीच असेल तर चॉकलेट सिस्ट धरून दुखण्याचा आणि मुलाचा विचार करायचा, आणि वर्षातून एकदा पाहत राहायचं. रूप संशयास्पद वाटलं तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. सीए-१२५ पुन्हा करायची असेल तर पाळीत नको. आणि या सगळ्याची वाट न पाहता, याच आठवड्यात मावशीच्या घरी फोन करा. जुन्या फायली बहुधा कपाटावरच्या पिशवीत असतात. त्यात एक्स-रे आणि बिलं बाजूला ठेवून ‘हिस्टोपॅथॉलॉजी’ असं वर लिहिलेला कागद, म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट, शोधा. त्याचा फोटो आणि आईचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या कागदावर कुठे ‘सीरस कार्सिनोमा’ किंवा ‘ओव्हरी’ दिसलं, तर आधी आईची ब्राका तपासणी, मग सिस्टचं काय ते.